न भेटलेला वस्ताद : घरच्या व्यायामसाधनांच्या ब्रँडचा इतिहास

१/ घरी व्यायामाचे एखादे साधन आणायचे ठरले की पहिला प्रश्न उभा राहतो : कोणत्या कंपनीचे घ्यावे? पाच किलोचे डंबेल कोणत्याही नावाचे असले तरी पाच किलोच भरते. तरीही नाव पाहून आपण दुप्पट किंमत मोजायला तयार होतो. हा प्रश्न आजचा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी तो लंडनच्या कारकुनाला पडला होता, आणि आजच्या सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानाच्या राजपुत्रालाही पडला होता. आजचा हा दीर्घ थ्रेड त्या प्रश्नाच्या इतिहासावर आहे.

२/ सुरुवात एका शब्दापासून करू. बिनबाह्यांच्या बनियनला आपण ‘सँडो’ म्हणतो. दुकानदार म्हणतो, आई म्हणते, आणि त्यामागे एक माणूस होता हे कुणाच्या ध्यानातही नसते. युजेन सँडो, जन्म १८६७, प्रशियातील क्योनिग्सबर्ग. मूळ नाव फ्रीडरिश विल्हेल्म म्युलर. व्यायामसाधनांच्या बाजारात स्वतःच्या नावाचा जगभर चालणारा ब्रँड उभा करणाऱ्या पहिल्या माणसांपैकी हा एक. त्याची कथा सांगण्यापूर्वी मात्र त्याच्या आधीची व्यवस्था समजून घ्यायला हवी.

३/ ती व्यवस्था म्हणजे तालीम. लाल मातीचा हौदा, मल्लखांब, भिंतीशी उभी केलेली मुद्गलांची जोडी, करेल, लेझीम. आज लेझीम म्हटले की मिरवणूक आठवते, पण मुळात लोखंडी साखळी लावलेले ते धनुष्य खांदे, छाती आणि दंड कमावण्यासाठी होते. ही साधने कुणा एकाच्या मालकीची नसत आणि त्यांच्यावर कुणाचे नावही नसे. मुद्गल कुणी घडवले याची चौकशी कोणी करत नसे. विचारला जाणारा प्रश्न वेगळाच होता : वस्ताद कोण?

४/ वस्तादाचे काम नुसते शिकवण्याचे नव्हते. तो पाहत असे. पोराची पाठ वाकते आहे, दम आधीच तुटतो आहे, आज याला जड मुद्गल देऊ नये, उद्या बैठका वाढवाव्यात, हे सारे त्याच्या डोळ्यांत असे. साधन मुके होते. त्याचा वापर किती, कसा आणि कधी थांबवायचा, हे ज्ञान वस्तादापाशी होते. साधन आणि ज्ञान अशी दोन वेगळी अंगे होती, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ त्या वेगळेपणात आहे.

५/ आपले मुद्गल एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच इंग्लंडला पोहोचले. हिंदुस्थानात नोकरीला आलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी ते येथे पाहिले आणि तिकडे नेले. १८३४ साली डोनाल्ड वॉकर याने लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या पुरुषी व्यायामांच्या पुस्तकात या ‘इंडियन क्लब’चा समावेश होता. १८६६ साली न्यूयॉर्कमध्ये सिम केहो याने त्यांवर स्वतंत्र पुस्तक काढले. केहो स्वतः मुद्गल तयार करून विकतही असे. एका हाताने पुस्तक, दुसऱ्या हाताने माल : ही जोडी लक्षात ठेवा.

६/ घरात बसून वापरण्याची साधने युरोपात त्याही आधीपासून होती. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये श्रीमंतांच्या दालनात एक स्प्रिंगची खुर्ची असे. तिच्यावर बसून वरखाली उसळायचे आणि घोडेस्वारीचा लाभ घरबसल्या मिळवायचा, अशी कल्पना. तिचे नावच ‘चेंबर हॉर्स’, म्हणजे खोलीतला घोडा. पुढे व्हल्कनाइज्ड रबर आले आणि अमेरिकेत गुडइयरच्या नावाने रबरी नळ्यांचे ‘पॉकेट जिम्नॅशियम’ विकले जाऊ लागले. आज व्यायामाचे रबरी पट्टे म्हणून जे विकले जाते, त्याचे हे पणजोबा.

७/ पण खरी मागणी वाढली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. लंडनसारख्या शहरांत दिवसभर मेजावर वाकून काम करणाऱ्या कारकुनांचा मोठा वर्ग तयार झाला होता. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला आलेले कितीतरी तरुण शारीरिकदृष्ट्या अपात्र ठरले आणि ‘आपला वंश खालावतो आहे’ ही भीती इतकी पसरली की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिचा अहवाल १९०४ साली आला. कारकुनाला सशक्त व्हायचे होते. त्याच्यापाशी वेळ थोडा, जागा त्याहून थोडी, आणि चारचौघांत उघड्या अंगाने उभे राहण्याची लाज मात्र भरपूर होती.

८/ या गरजेला चेहरा दिला सँडोने. प्रोफेसर आत्तिला या नावाने प्रसिद्ध असलेल्या तालीमगुरूच्या हाताखाली तो तयार झाला. १८८९ साली लंडनमधील रॉयल अ‍ॅक्वेरियमच्या रंगमंचावर सॅम्सन नावाच्या बलदंडाला त्याने हरवले आणि एका रात्रीत त्याचे नाव झाले. १८९३ मध्ये शिकागोत फ्लोरेंझ झिगफेल्डने त्याचे प्रयोग लावले. १८९४ मध्ये एडिसनच्या कॅमेऱ्यासमोर तो उभा राहिला. वजन उचलणारे पुष्कळ होते. लोक या माणसाचे शरीर नुसते पाहायलाही तिकीट काढतात, हे ओळखले गेले ते त्याच्या बाबतीत.

९/ त्यानंतर त्याने रंगमंचावरच्या कीर्तीचा व्यापार केला. १८९७ मध्ये लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर शरीरसंवर्धनाची संस्था, त्याच वर्षी पुस्तक, १८९८ मध्ये मासिक. १४ सप्टेंबर १९०१ रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची भव्य स्पर्धा भरवली. परीक्षकांत शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल होता. एक आरोग्याचा उपदेश करणारा, एक मासिक काढणारा, एक स्पर्धा भरवणारा आणि एक माल विकणारा, असे चौघे एकाच नावाखाली एकत्र आले.

१०/ तो माल काय होता? त्याचे सर्वांत गाजलेले साधन म्हणजे ‘स्प्रिंग-ग्रिप डंबेल’. हे डंबेल उभे चिरल्यासारखे दोन भागांत असे आणि त्या दोन भागांमध्ये स्प्रिंगा बसवलेल्या असत. हात हलवताना मूठ आवळून दोन्ही भाग सतत एकमेकांना भिडवून ठेवायचे. ताकद वाढली की आणखी स्प्रिंगा घालायच्या. पुरुषांसाठी, स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळे नमुने होते. साधन हलके होते, पण मूठ सैल पडली की दोन भाग लगेच दूर होत आणि आपले लक्ष ढळले हे कळे.

११/ यातली युक्ती पाहा. वस्ताद असता तर ‘लक्ष कुठे आहे तुझे?’ असे तोच ओरडला असता. ते काम येथे स्प्रिंगेने केले. भिंतीला अडकवायच्या रबरी दोऱ्यांच्या ‘डेव्हलपर’बरोबर व्यायामाचा तक्ता मिळे. शिवाय पत्राने शिकवण्याची सोय होती : आपली मापे लिहून पाठवायची आणि टपालाने आपल्यापुरती व्यायामाची आखणी घ्यायची. तालमीत वेगळी असलेली साधन आणि ज्ञान ही दोन अंगे आता एकाच खोक्यात घालून विकली जाऊ लागली, आणि त्या खोक्यावर एका माणसाचे नाव आले.

१२/ या थ्रेडचा मुख्य मुद्दा येथे आहे. व्यायाम तालमीतून घरात आला तेव्हा वस्ताद मागे राहिला. त्याची जागा रिकामी राहणे शक्य नव्हते. तेथे कंपनीचे नाव येऊन बसले. म्हणून ब्रँड निवडणारा ग्राहक लोखंड निवडत नसतो. ज्याची आपली कधी भेट होणार नाही असा वस्ताद तो निवडत असतो. दुप्पट किंमत द्यायची असते ती त्या न दिसणाऱ्या नजरेची. ती नजर खरोखर तेथे आहे की नाही, हे ठरवणे हीच खरी अडचण.

१३/ सँडोच्या बाबतीत अडचण अशी होती : ज्या शरीराकडे पाहून लोक हलके स्प्रिंगचे डंबेल विकत घेत, ते शरीर हलक्या डंबेलने घडलेलेच नव्हते. आत्तिलाकडे आणि रंगमंचावर त्याने वर्षानुवर्षे अवजड वजने उचलली होती. हलक्या साधनाने कारकुनाची प्रकृती सुधारत असेलही. रोज नियमाने हालचाल केली तर ती सुधारतेच. पण जाहिरातीतल्या चित्राचा आणि खोक्यातल्या मालाचा संबंध विकणाऱ्याने सांगितला तितका सरळ नव्हता. हा सांधा तेव्हापासून आजपर्यंत निखळलेलाच आहे.

१४/ शिवाय सँडो एकटा नव्हता. अमेरिकेत अलेक्झांडर व्हायटली याची कप्पी आणि दोऱ्यांची साधने होती, बर्नार मॅकफॅडन स्वतःचे ‘एक्झरसायझर’ विकत असे आणि १८९९ मध्ये त्यानेही मासिक सुरू केले. १९०२ मध्ये अ‍ॅलन कॅल्व्हर्ट याने फिलाडेल्फियात ‘माइलो बारबेल कंपनी’ काढली आणि ताकदीसाठी जड, वाढवता येणारे वजनच हवे असा प्रचार चालवला. दोरी, स्प्रिंग की लोखंड? ग्राहकाच्या पुढ्यात तीन पंथ उभे होते आणि प्रत्येक पंथ दुसऱ्याला अशास्त्रीय म्हणत होता.

१५/ या गोंधळाचे एक सुरेख चित्र साहित्यात उरले आहे. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ या १९२२ च्या कादंबरीची कथा घडते १६ जून १९०४ रोजी. तिचा मध्यमवयीन नायक लिओपोल्ड ब्लूम याच्याकडे सँडोचे पुस्तक आहे, आणि घरच्या खणात सँडो-व्हायटली कप्पीयंत्र दोन महिने वापरण्याआधीच्या आणि नंतरच्या मापांचा तक्ताही आहे. तो व्यायाम कधीचाच सुटला आहे. पुन्हा सुरू करायला हवा, असे तो मनाशी म्हणतो. घरच्या व्यायामसाधनाचा ग्राहक जगभर कसा असतो, हे याहून नेमके कुणी टिपले असेल असे वाटत नाही.

१६/ आता हिंदुस्थानात येऊ. १९०४-०५ मध्ये सँडो येथे आला. कलकत्ता आणि मुंबई येथे त्याचे प्रयोग झाले. येथल्या सुशिक्षित तरुणाच्या मनात तेव्हा एक जुनी सल होती. ‘तुम्ही दुबळे, म्हणून आम्ही राज्य करतो’ असे राज्यकर्ते पिढ्यान्‌पिढ्या ऐकवत आले होते. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यास बाजूला सारून शरीर कमावण्यात घालवले आणि त्या वर्षी ते नापास झाले, ही हकिगत सर्वांना माहीत आहे. दुबळेपण झटकणे ही तेव्हा राजकीय गोष्ट होती. अशा वेळी गोऱ्या पहिलवानाने आपल्या बळाचे ‘शास्त्र’ खोक्यात घालून देऊ करावे, याचे आकर्षण समजण्यासारखे आहे.

१७/ त्यातला विरोधाभासही पाहण्यासारखा आहे. १९०४ मध्येच अमेरिकेत सेंट लुइस येथे ऑलिंपिक सामने झाले आणि त्यांत ‘क्लब स्विंगिंग’, म्हणजे मुद्गल फिरवणे, ही पदकाची स्पर्धा होती. आपल्या तालमीतले साधन समुद्रापलीकडे ऑलिंपिकला पोहोचले होते, आणि आपला शिकलेला तरुण व्यायामाचे शास्त्र इंग्रजी पुस्तकांत आणि विलायती खोक्यांत शोधत होता. मुद्गलाला कुणाचे नाव नव्हते, म्हणून कदाचित त्याची किंमतही जाणवत नव्हती.

१८/ या तरुणांपैकी एकाची हकिगत आपल्याला त्याच्याच लेखणीतून ठाऊक आहे. औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, जन्म १८६८. चित्रकार, कीर्तनकार, डेक्कन कॉलेजचे पदवीधर. १८९७ मध्ये, अजून गादीवर बसलेले नसताना, त्यांनी सँडोची साधने आणि पुस्तके घेतली आणि पुढे सुमारे दहा वर्षे त्याच्या सूचनांप्रमाणे नियमित व्यायाम केला, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. दहा वर्षे! ब्लूमचे दोन महिने आणि पंतांची दहा वर्षे शेजारी ठेवून पाहा. विकलेल्या मालाची एवढी निष्ठेने परीक्षा घेणारा ग्राहक सँडोला क्वचितच मिळाला असेल.

१९/ म्हणूनच त्यांचा पुढचा निर्णय वजनदार ठरतो. त्या दहा वर्षांनंतर पंतांनी साधन बदलून दुसऱ्या कंपनीचे घेतले नाही. ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि आयुष्यभर त्यांनी तोच एक व्यायाम धरला. १९०९ मध्ये ते गादीवर आले. संस्थानातील शाळांतून त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. १९२० च्या दशकात त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले, आणि १९३८ मध्ये लंडनहून लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. ज्या शहरातून सँडोचे खोके आले होते, त्याच शहरात उलट पावली हे उत्तर पोहोचले.

२०/ पंतांचे युक्तिवाद फार साधे होते : याला साधन लागत नाही, खर्च नाही, थोडी जागा पुरते, आणि स्त्रिया, मुले, वृद्ध सर्वांना हा व्यायाम करता येतो. हे लक्षात घ्या की हेच पंत स्वदेशी उद्योगाचे खंबीर पाठीराखे होते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी आपल्या संस्थानात जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडाचा कारखाना संस्थानातच होता. स्वदेशी डंबेलचा पुरस्कार करणे त्यांना अवघड नव्हते. तरी त्यांनी आपली सारी शक्ती ज्यात विकण्यासारखे काहीच नव्हते अशा व्यायामामागे लावली.

२१/ मग वस्तादाची रिकामी जागा त्यांनी कशी भरली? पद्धत ठरावीक अवस्थांत बांधली, म्हणजे चूक स्वतःलाच कळावी. श्वास आणि मंत्र यांची सांगड घातली, म्हणजे गती आपोआप राखली जावी. आणि व्यायाम शाळेत व कुटुंबात नेला, म्हणजे कुणी ना कुणी पाहणारा शेजारी असावा. पुस्तक, चित्रे, ठरीव क्रम ही सँडोची तंत्रे त्यांनीही वापरली, हे नाकारण्यात अर्थ नाही. दहा वर्षांच्या त्या शिष्यत्वाचा ठसा त्यांच्या प्रचारावर दिसतो. फरक इतकाच की शिकलेल्या माणसाला पुन्हा काही विकत घ्यावे लागत नव्हते.

२२/ यावरून ‘साधने वाईट, देशी व्यायाम चांगला’ असा सोपा निष्कर्ष काढू नये. बंगळूरचे के. व्ही. अय्यर बारबेल उचलत, टपालाने शिकवणीही देत, आणि १९३७ मध्ये त्यांनीच सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले. बडोद्याहून १९३६ पासून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली निघालेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’च्या खंडांनी व्यायामविद्येचा विशाल संग्रह मराठीत आणला. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. तालमीचे दार स्त्रियांना बहुधा बंदच होते. घरात आलेल्या साधनाने आणि तक्त्याने त्यांना, आणि तालमीत हसे होईल म्हणून न जाणाऱ्या अशक्त मुलालाही, पहिली संधी दिली. वस्तादाच्या जागी आलेले नाव काहींच्या दृष्टीने सोयीचेच होते.

२३/ नाव हेच खरे विक्रीचे साधन आहे, याचा कळस अमेरिकेत झाला. अँजेलो सिसिलियानो या इटालियन स्थलांतरिताने मॅकफॅडनची स्पर्धा जिंकली आणि ‘चार्ल्स अ‍ॅटलस’ हे नाव घेतले. १९२९ मध्ये चार्ल्स रोमन या जाहिराततज्ज्ञाशी भागीदारी करून त्याने जे विकले, त्यात साधन नव्हतेच : फक्त टपालाने येणारे धडे. स्नायूला स्नायूच विरोध करील अशी ‘डायनॅमिक टेन्शन’ पद्धत. यॉर्क बारबेलचा मालक बॉब हॉफमन याने १९३० च्या दशकात यावर सरकारी व्यापार आयोगापर्यंत वाद नेला, पण अ‍ॅटलसचा धंदा थांबला नाही. लोखंड वजा केले तरी ब्रँड शिल्लक राहतो, हे त्याने सिद्ध केले.

२४/ आपल्या आईवडिलांच्या पिढीला आठवेल ते ‘बुलवर्कर’. १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत गेर्ट क्योल्बेल याने ते तयार केले : एकात एक सरकणाऱ्या नळ्या, दोन्ही बाजूंना तारा, आणि किती जोर लागला ते दाखवणारी मोजपट्टी. १९७०-८० च्या दशकांतील भारतीय मासिकांत त्याच्या जाहिराती सर्रास असत. १९५३ मध्ये हेटिंगर आणि म्युलर या जर्मन संशोधकांनी सांगितले होते की दिवसाला सहा सेकंद स्नायू ताणून स्थिर धरला तरी आठवड्याला सुमारे पाच टक्के ताकद वाढते. आयसोमेट्रिक साधनांची लाट त्यावर उठली. पुढच्या प्रयोगांत इतकी मोठी वाढ दिसून आली नाही, तोवर जाहिराती कधीच छापून झाल्या होत्या. येथे वस्तादाचे काम मोजपट्टी करत होती.

२५/ ट्रेडमिलची कथा तर आणखी उलटी. १८१८ मध्ये विल्यम क्युबिट या अभियंत्याने ते पायचाक इंग्लंडच्या तुरुंगांतील कैद्यांकडून सक्तमजुरी करून घेण्यासाठी काढले. १८९८ च्या कायद्याने ते हद्दपार झाले. १९६८ मध्ये केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक आले. ते वाचून विल्यम स्टॉब या अमेरिकन अभियंत्याने घरात परवडेल असे धावण्याचे यंत्र बनवले. ज्या चाकावर माणसाला चढवायला शिपाई लागत, तेच आता माणूस हप्त्याने विकत घेऊ लागला. फक्त शिपायाचे काम त्याला स्वतःच करावे लागे. ते जमले नाही की यंत्रावर कपडे वाळत पडत.

२६/ आजच्या कंपन्यांनी नेमकी हीच उणीव हेरली. २०१२ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या पेलोटनने सायकलीला पडदा जोडला, पडद्यावर शिक्षक आणला आणि त्यासाठी मासिक वर्गणी लावली. वस्ताद परत आला, पण भाड्याने. मे २०२१ मध्ये अपघातांनंतर कंपनीला ‘ट्रेड प्लस’ हे यंत्र परत बोलवावे लागले. त्यानंतर सुरक्षेसाठी आणलेल्या कुलूपामुळे, वर्गणी न भरणाऱ्यांना विकत घेतलेल्या यंत्रावर साधे धावताही येईना. ओरड झाल्यावर काही महिन्यांची वर्गणी माफ झाली. साधन आणि ज्ञान एकाच खोक्यात बांधण्याचा सँडोचा प्रयोग येथे शेवटच्या टोकाला पोहोचला : ज्ञान थांबले की साधनही थांबते.

२७/ सँडोचे पुढे काय झाले? १९११ मध्ये तो राजा पाचव्या जॉर्जचा शरीरसंवर्धन-शिक्षक नेमला गेला. त्याच्या नावाने कोको निघाला, कॉर्सेटही निघाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात कोकोचा धंदा बुडाला. १९२५ मध्ये तो वारला आणि लंडनच्या पटनी व्हेल दफनभूमीत त्याच्या थडग्यावर कित्येक वर्षे नावाचा दगडही नव्हता. ज्याने नाव विकून व्यापार केला, त्याच्या वाट्याला निनावी थडगे आले. त्याचे डंबेल आता जुन्या वस्तूंच्या संग्राहकांकडे सापडतात. ज्यांनी मापे पाठवली त्यांना उत्तर देणारे मात्र कुणी उरले नाही.

२८/ इतिहासाचा विद्यार्थी कोणती कंपनी घ्या हे सांगू शकत नाही. प्रश्न कोणते विचारावेत, हे मात्र सांगू शकतो. पहिला : जाहिरातीतले शरीर याच साधनाने घडले आहे का? सँडोच्या वेळी उत्तर ‘नाही’ होते. दुसरा : प्रगती मोजायची पट्टी कुणाची? यंत्रावरचा आकडा फक्त त्या यंत्रापुरता खरा असतो; किती जोर, किती बैठका, जिना चढताना दम लागतो की नाही, ही मापे आपली असतात. तिसरा : ताकद वाढली की साधनही वाढते का, की नवे घ्यावे लागते? स्प्रिंग आणि बारबेल यांची मूळ कल्पना या बाबतीत शहाणपणाची होती.

२९/ चौथा : कंपनी उद्या बंद पडली तर हातात काय उरेल? मुद्गल, बारबेल, मल्लखांब यांना याची चिंता नाही. पडदा, अ‍ॅप आणि वर्गणी यांना आहे. आणि पाचवा, सर्वांत महत्त्वाचा : मला पाहणारे कोण आहे? पाठ वाकली तर सांगणारे, तीन दिवस दिसलो नाही तर विचारणारे. तो भाऊ असेल, मैत्रीण असेल, गल्लीतल्या तालमीचे वस्ताद असतील. या प्रश्नाचे उत्तर तयार असेल तर स्वस्तातले, बिननावाचे, पण मजबूत डंबेल पुरते. ते नसेल तर सर्वांत महाग यंत्रही ब्लूमच्या खणातला तक्ता होऊन बसते.

३०/ पंतप्रतिनिधींनी १८९७ मध्ये विलायती ब्रँड निवडला यात वावगे काही नव्हते. त्यांनी तो दहा वर्षे प्रामाणिकपणे वापरला, मग त्याचा स्वतःच्या अनुभवावर न्याय केला, आणि जे पटले ते बिनमोल वाटले. आपल्यापैकी बहुतेकांना राजवाडा नाही, संस्थान नाही. पण वापरून पाहून मग ठरवण्याची ही मोकळीक आपल्यालाही आहे. खरेदीच्या दिवशी ती कामाला येत नाही. ती कामाला येते सहा महिन्यांनी, पहाटे उठून त्या साधनाला पुन्हा हात लावताना.

थ्रेड समाप्त. आपल्या घरात आजोबांच्या काळातले मुद्गल, करेल, छातीच्या स्प्रिंगा किंवा बुलवर्कर असेल, तर छायाचित्रासह खाली जरूर सांगा. ते कोणी आणले, किती दिवस चालले आणि का सुटले, हाही इतिहासच आहे.